पाच वॅटचा होकार

ज्याने निम्म्या शहराच्या कानांत मशिनं बसवली होती, त्याच्याच सख्ख्या भावाला ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट त्या भावाखेरीज सगळ्यांना ठाऊक होती. म्हणजे ठाऊक भावालाही होती, पण तो ती कबूल करायला तयार नव्हता, आणि त्याच्या तोंडून ती वदवून घेणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं.

मशिनं बसवणाऱ्याला लोक कानवाला म्हणत. चष्म्याच्या दुकानाला लागून त्याचं छोटंसं दुकान होतं, आणि आत जाड दाराची, भिंतींना गादी लावलेली एक केबिन. म्हाताऱ्या माणसांना तो तिथे बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि सांगायचा, "आवाज आला की बटण दाबा. नाही आला तर दाबू नका. उगाच मला बरं वाटावं म्हणून दाबू नका." दिवसभर हे सगळं मोठ्याने, सावकाश, समोरच्याकडे तोंड करून बोलायचं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत घशाचं पार भजं होई. घरच्यांच्या वाट्याला मग उरलंसुरलं पुटपुटणं यायचं. "गिऱ्हाइकांना भाषण आणि आम्हाला कुजबुज," असं त्याची बायको म्हणे, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती.

दादा त्याच्याहून बराच मोठा. उमेदीची सगळी वर्षं त्याने वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवली, पुढे शिकवण्या केल्या. दादाचा कान म्हणजे काय चीज होती! शिकायला आलेला पोरगा आत गिटार लावत असला, तर दादा जिन्यातूनच ओरडायचा, "तिसरी तार चढलीय, उतरव." तोच कान हळूहळू, कोणाला न सांगता, चालता झाला. दादाने त्यावर दोन तोडगे काढले. पहिला म्हणजे आपणच अखंड बोलत राहायचं, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळच येत नाही. आणि एवढं करूनही दुसरा बोललाच, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत, मान डोलवत म्हणायचं, "हो हो, अगदी!"

या होकारावर दादाने दोन-अडीच वर्षं बिनबोभाट काढली होती. हॉटेलात वेटर काहीतरी विचारे, दादा हो हो म्हणे, आणि पुढ्यात येईल ते हसतमुखाने खाई. न्हाव्याने काहीतरी विचारलं आणि दादा मिश्या घालवून घरी आला. "आता जरा बदल," असं वर सांगितलंही. शिकवण्या बंद झाल्या, तर म्हणे हल्लीची पोरं मेहनत करत नाहीत. वहिनींनी एकदा दिराला स्वयंपाकघरात गाठलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे हल्ली माझ्याशी भांडतात तेसुद्धा अंदाजाने."

दादासाठी मशीनची जोडी कानवाल्याने केव्हाच आणून ठेवली होती. दर रविवारी ती डबी शर्टाच्या खिशात घालून तो दादाकडे जायचा आणि संध्याकाळी तशीच परत आणायचा. विषय निघाला की दादा उखडायचा, "माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"मग गिटार का वाजवत नाहीस?" हे कानवाल्याने बोटांनी हवेत तारा छेडून विचारलं की त्यावर ठरलेलं उत्तर येई, "अ‍ॅम्प बिघडलाय ना."

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करून बाहेर टाकणारा तो जुना अ‍ॅम्प खरंच बिघडला होता. खिडकीखाली त्याच्यावर कापड टाकलेलं होतं, कापडावर कुंडी होती आणि कुंडीतलं झाड चांगलं फोफावलं होतं.

कानवाल्याचं दुःख धंद्यातलं नव्हतं. लहानपणापासून काही झालं की ते आधी दादाला सांगायचं, ही त्याची सवय होती. दादाला सांगितल्याशिवाय घडलेली गोष्ट घडल्यासारखी वाटायचीच नाही. आता तो सांगायचा आणि दादा हो हो, अगदी म्हणायचा. मुलीला नोकरी लागली हे सांगितलं तेव्हाही, आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितलाय हे सांगितलं तेव्हाही, दोन्ही वेळा तितक्याच आनंदाने. त्या दुसऱ्या वेळी कानवाला घरी परतताना वाटेत बराच वेळ एका बाकावर बसून राहिला. फोटोची भीती होतीच. पण भाऊ समोर बसलेला असून हरवलाय, हे त्याला जास्त लागलं होतं.

शेवटी त्याने ठरवलं की दादाची सबबच काढून घ्यायची. त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नवा अ‍ॅम्प आणू या.

"बाजारचे डबे मला चालत नाहीत," दादाने ते झटकून टाकलं. "हाताने बांधलेला असेल तर सांग."

यावर भाऊ गप्प बसेल असा दादाचा हिशेब. पण कानवाल्याला चेव चढला. आपलं मशीन म्हणजे तरी काय? आवाज आत घ्यायचा, मोठा करायचा, बाहेर सोडायचा. अ‍ॅम्प हा त्याचाच थोरला भाऊ. आणि आपले हात तर तांदळाच्या दाण्याएवढ्या भागांना वितळलेल्या कथलाचा डाग देऊन जोडायला सरावलेले. पुढच्याच शनिवारी त्याने दादाला बखोटीला धरून सुट्या भागांच्या दुकानात नेलं.

दुकानात छतापर्यंत खोकी होती आणि मध्ये एक बाई. गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेला, हातात डाग द्यायची तापलेली सोल्डरिंगची कांडी, आणि चेहरा असा की गिऱ्हाईक आलं ही आपलीच चूक झाली. कानवाल्याने सुटे भाग जोडून घरी बांधायचं अ‍ॅम्पचं किट हवंय म्हणून सांगितलं.

"पहिल्यांदाच बांधताय?"

"हो. पण हात सरावलेला आहे. कानाची मशिनं दुरुस्त करतो मी."

"मग तुम्ही जास्त धोक्याचे," बाई म्हणाल्या. "ज्याला काहीच येत नाही तो पुस्तक वाचतो. ज्याला थोडं येतं तो वाचत नाही."

कानवाल्याने हे गिळलं. बाईंनी तीन खोकी फळीवर मांडली. एक मोठं, पन्नास वॅटचं, दोन माणसांनी उचलावं असं. एक मधलं, वीसचं. आणि एक बुटांच्या खोक्यापेक्षा जरासं मोठं, पाच वॅटचं. दादाने तत्काळ मोठ्यावर हात ठेवला, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"तुमच्या मशीनला बटणाएवढी बॅटरी लागते," बाई कानवाल्याला सांगू लागल्या. "यात बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह असतात आणि त्यांना तीनशे-चारशे व्होल्ट लागतात. प्लग काढला तरी ते व्होल्ट आत दबा धरून बसतात. आधी प्लग काढायचा, मग थांबायचं, मग या चिमट्याच्या वायरने आतली वीज उतरवायची आणि त्यानंतर हात घालायचा. तोही एकच. दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि मध्ये तुमचं काळीज असतं."

कानवाल्याचा एक हात आपोआप खिशात गेला.

"आणि किट घेताना वॅट बघू नका, पुस्तक बघा." बाईंनी तिन्ही खोक्यांतली पुस्तकं काढली. मोठ्यातलं म्हणजे चार घड्यांचा एक कागद होता, त्यावर नुसत्या रेघांचं जाळं. "हे ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी." मधलं जरा जाडसर. पाच वॅटवाल्याचं चांगलं जाडजूड. एकेका वायरीला एकेक चित्र, आणि सुटे भाग वेगवेगळ्या पुड्यांत, पुडीवर आकडा. "भाग कमी, म्हणून चुकायच्या जागा कमी. चुकलंच तर शोधायच्या जागाही कमी. आवाज कमी-जास्त करायला एकच बटण. पहिल्या खेपेला हेच घ्यावं. पण मला सांगा, वाजवणारा कोण, ऐकणारा कोण, आणि मध्ये भिंती किती?"

"वाजवणारा हा," कानवाला दादाकडे बोट दाखवून म्हणाला. "ऐकणारा..." आणि तिथेच अडखळला.

त्याच्या मनात पाप आलं होतं. पन्नास वॅट घेतला तर दादाला मशीनशिवायही ऐकू येईल. भांडण नको, केबिन नको, दर रविवारी खिशातली डबी नको. वरच्या मजल्यावरच्यांच्या कपाटातली भांडी खाली आली तर येवोत. किट अवघड आहे, पण शिकू हळूहळू. दादाचं सोंग दादापाशी राहील आणि आपणही सुटू. मोह मोठा होता, आणि तो पन्नास वॅटच्या खोक्याकडे बघत उभा राहिला.

बाईंनी तेवढ्यात दादाकडे मोर्चा वळवला. दादा तोवर एका जुन्या रेडिओसमोर उभा राहून त्या रेडिओची तारीफ रेडिओलाच ऐकवत होता.

"काय हो, घरातच वाजवणार ना? मग पाच वॅटचंच खोकं बांधून देऊ?"

दादाने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा प्रश्नाचा होता. दादा प्रसन्न हसला. "हो हो, अगदी! केव्हापासून मी याला तेच सांगतोय."

कानवाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून दादाला एकदा नीट न्याहाळलं, मग कानवाल्याला. त्याने जमिनीकडे बघितलं. खोकं बांधता बांधता बाई एवढंच म्हणाल्या, "दोघं आहात ते बरं. एकाने पायरी वाचायची, दुसऱ्याने जोडायचं. जोडून झालं की काय जोडलं ते त्याने तोंडाने सांगायचं, आणि वाचणाऱ्याने पुस्तकाशी ताडून मगच पुढे जायचं. प्रत्येक पायरीला. यात कुचराई केलीत तर मला फोन करायचा नाही."

रस्त्यावर आल्यावर दादाने खोकं बघितलं. "एवढंसंच?"

कानवाल्याने खुणेनेच सांगितलं की बाबा, हो तूच म्हणालास. दादाच्या चेहऱ्यावर एक सावली येऊन गेली. पण काय विचारलं होतं असं विचारायचं, तर ऐकू आलं नव्हतं हे कबूल करावं लागणार. "हो हो, अगदी," तो म्हणाला आणि खोकं काखोटीला मारून निमूट चालू लागला. स्वतःच्याच होकारात अडकलेल्या माणसाला चिडायचीही सोय नसते.

वहिनींचं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. रविवारमागून रविवार दोघे भाऊ त्यावर ठाण मांडून बसू लागले. वहिनींनी दोन दिवस त्रागा केला, मग टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर ताटं मांडायला लागल्या. दादा पुस्तक हातात घेऊन पायऱ्या वाचायचा, त्याही अशा थाटात की समोर अख्खा वाद्यवृंद बसलाय. त्याची नजर अजून तेज होती. सुट्या भागांवरचे बारीक रंगीत पट्टे तो लांबूनच ओळखायचा. कानवाला मान खाली घालून डाग द्यायचा आणि आपण काय जोडलं ते आठवडाभर बोलून बसलेल्या आपल्या रविवारच्या घशाने हातातल्या कांडीलाच सांगितल्यासारखं सांगायचा. दादा म्हणायचा, "हो हो, अगदी!" आणि पुढची पायरी.

काम मोठं झकास चाललं होतं. लहानपणी दोघं मिळून सायकल खोलायचे तसंच. इथे बोलायची फारशी गरज नव्हती. हात पुढे केला की दादा बरोबर तीच पुडी हातावर ठेवायचा. दादा शीळ घालायचा, ती थोडी बेसूर असायची, आणि तिला कोणी नावं ठेवत नव्हतं. कानवाल्याला वाटायचं, हा अ‍ॅम्प कधी पुरा होऊच नये.

पण झाला. पेटी तयार झाली, दादाने पुढच्या अंगाला कापड चिकटवलं, स्पीकर बसला. एका रविवारी दुपारी वहिनींना हात पुसत बाहेर बोलावण्यात आलं. कानवाल्याने प्लग लावला, खटका दाबला आणि सगळे दोन पावलं मागे सरले. थोड्या वेळाने व्हॉल्व्ह आतून नारिंगी उजळले. स्पीकरमधून अगदी बारीक गुणगुण येऊ लागली.

"जिवंत आहे!" कानवाला ओरडला.

दादाने गिटार काढली, कापडाने पुसली, वायर जोडली. गिटार पोटाशी धरली. मग त्याने डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली.

अ‍ॅम्प वाजला नाही. गुणगुण तेवढी चालू होती. पण गिटारचा एक सूर त्यातून बाहेर येईल तर शपथ. वायर न जोडता इलेक्ट्रिक गिटार छेडली की जी मरतुकडी टुणटुण होते, तेवढीच खोलीत ऐकू येत होती. कानवाल्याने बटण पुरं फिरवलं. काही नाही. त्याने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी त्याच्याकडे.

दादाने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"छोट्या," तो म्हणाला, "काय गोलाई आहे रे आवाजाला! खर्ज ऐक, खर्ज! बाजारच्या डब्यात हे कुठलं मिळायला? हाताने बांधलं की असं बोलतं बघ." त्याने आणखी एक लांबलचक तुकडा वाजवला, शेवटचा सूर मान हलवत लांबवला. मग एकदम काहीतरी आठवून तो वाकला आणि बटण निम्म्यावर आणलं. "जरा मोठाच होतोय. वरच्यांना त्रास नको."

वहिनी पदराचा बोळा तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाल्या. हसायला की रडायला, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

ज्या क्षणाची कानवाला इतकी वर्षं वाट बघत होता तो हाच होता. आता पुरावा समोर होता, साक्षीदार स्वयंपाकघरात होता, आणि एका वाक्यात दादाचं सोंग उतरलं असतं. पण दादाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तो जुना उजेड आला होता! कानवाल्याच्याने ते वाक्य बोलवेना. मान डोलवत तो म्हणाला, "मस्त, दादा! एकदम मस्त!" आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की आता हो हो, अगदी आपण म्हणतोय. त्याला स्वतःची लाज वाटली.

गुपचूप दुरुस्त करून टाकू, म्हणजे कोणाचं काही बिघडत नाही, असं त्याने ठरवलं. आत जरा बघतो अशी खूण त्याने केली. दादा गिटार घेऊन भिंतीशी, प्लगजवळच उभा राहिला आणि पाठमोरा होऊन गळ्यातला पट्टा सोडवू लागला. कानवाल्याने अ‍ॅम्प टेबलावर आडवा केला, मागची फळी काढली आणि चिमट्याची वायर हातात घेतली.

"दादा, प्लग काढलास ना?"

दादाने मान वळवून भावाकडे पाहिलं. चेहरा प्रश्नाचा होता. "हो हो, अगदी!"

कानवाल्याने एक हात खिशात घातला आणि दुसरा आत न्यायला लागला. तेवढ्यात त्याला काहीतरी खटकलं. तो कानाचा माणूस होता. गुणगुण थांबलेली नव्हती.

हात होता तिथेच थिजला. आत व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले होते. वायर टेबलावरून खाली, तिथून भिंतीपर्यंत गेलेली होती, आणि प्लग भिंतीत घट्ट बसलेला होता. त्याच्या शेजारी दादा गिटारची पाठ कौतुकाने थोपटत होता.

"दादा!"

त्याच्या दुकानातला आवाज होता तो, सगळा, राखून न ठेवलेला. त्या घरात तो कधी निघालाच नव्हता. दादा दचकून वळला. त्याने भावाचा पांढराफटक चेहरा पाहिला, अर्धवट आत गेलेला हात पाहिला, मग बाजूचा प्लग पाहिला. त्याचं हसू गळून पडलं. त्याने झटक्यात प्लग उपटला आणि तो हातात धरून उभाच राहिला.

वहिनी दारात येऊन थबकल्या.

"मी विचारलं प्लग काढलास का. तू हो म्हणालास," कानवाला म्हणाला. आवाज दुकानातलाच होता, तोंड दादाकडे. "दादा, मी हात घालत होतो. तुला ऐकू येत नाही, दादा. नाही येत. आणि हा डबासुद्धा वाजत नव्हता."

दादा खुर्चीवर बसला. हातातला प्लग टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "कधीपासून?"

"पहिल्या सुरापासून."

"म्हणजे मी जे..."

"काहीच नाही. टुणटुण."

"आणि मी बटण कमी केलं," दादा म्हणाला. "वरच्यांना त्रास नको म्हणून."

इतका वेळ धरून ठेवलेलं वहिनींचं हसू तिथे फुटलं. ते पाहून कानवाल्याला हसू आवरेना, आणि मग दादाही हसायला लागला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणं थांबलं तरी त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

"तारा बोटांना कळतात रे," तो म्हणाला. "बाकीचं मी आठवणीतून ऐकतो. हिचं बोलणं ओठांवरून समजतं, निदान भांडताना तरी. तुझं नाही समजत. तू मान खाली घालून पुटपुटतोस. सगळ्यांत आधी तुझाच आवाज गेला, छोट्या."

शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांशी आपण तोंड समोर करून बोललो आणि घशाचा गाळ तेवढा दादाला दिला, हे कानवाल्याला आत्ता उमगलं.

"मग सांगायचं नाहीस का?" त्याने विचारलं, दादाच्या डोळ्यांसमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून.

"काय सांगू? आयुष्यभर कान विकून खाल्ला मी. तो गेला म्हटलं तर मागे काय उरलं? हो म्हटलं की माणसं खूश होतात आणि पुढे जातात."

"मी कुठे गेलो पुढे? दर रविवारी इथेच तर असतो." आणि त्याने शर्टाच्या खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली.

केबिनमध्ये तपासल्याशिवाय कोणाच्या कानात मशीन घालायचं नाही, हा कानवाल्याचा नेम. त्या दुपारी त्याने तो मोडला. मशिनं अंदाजाने जुळवली, उद्या दुकानात येऊन केबिनमध्ये बसायचं असं दादाकडून कबूल करून घेतलं, आणि ती त्याच्या कानांत बसवली. दादा डोळे मिचकावत छताकडे बघत राहिला. फ्रिज सुरू झाला तेव्हा त्याने दचकून विचारलं, "कोण आलं?"

मग दोघे पुन्हा टेबलाशी बसले. बाईंच्या सांगण्याप्रमाणे ते थांबले, वीज उतरवली, हात खिशात गेला. दादाने पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि कानवाला एकेक जोड बघून, मान वर करून, मोठ्याने सांगू लागला. बऱ्याच पायऱ्या बरोबर निघाल्या. शेवटी गिटारची वायर खुपसायच्या जागेशी आले. तिच्या मागच्या बाजूला वायरींना डाग द्यायच्या तीन बारीक पत्र्या होत्या.

"पांढरी वायर कडेच्या पत्रीला," कानवाला म्हणाला.

दादाचं बोट ओळीवर होतं. सवयीचा होकार ओठांपर्यंत आलेला दिसला. तो तिथेच अडला.

"परत सांग," दादा म्हणाला.

"कडेच्या पत्रीला."

"इथे मधल्या लिहिलंय."

कानवाल्याला ही वायर जोडली ती दुपार आठवली. तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं, कडेच्या पत्रीला ना, आणि तेव्हा उत्तर आलं होतं हो हो, अगदी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जुना डाग वितळवून वायर मधल्या पत्रीला लावायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

या खेपेलाही प्लग कानवाल्यानेच लावला. दादाने तार छेडली आणि खोली भरून सूर उठला, इतका दणदणीत की दादाच मागे सरला. त्याने दुसरी छेडली, तिसरी छेडली आणि थांबला. कपाळाला आठ्या घालून तो पेटीपाशी वाकला.

"ही गुणगुण कसली?"

"व्हॉल्व्हची असते थोडी."

"थोडी? भुंगा कोंडलाय आत! आणि पाचवी उतरलीय केवढी, इतका वेळ तुम्ही दोघं बसलाय, एकाला सांगता येऊ नये? आणि हे काय, माझा आवाज कोणी असा केला? आणि अगं, ते झाकण जरा हळू ठेव की!"

"झालं," आतून वहिनी म्हणाल्या. "आता भांडणं नीट होणार."

कानवाल्याला आजवर कोणाच्या तक्रारींनी इतका आनंद दिला नव्हता. बराच वेळ दादा वाजवत होता आणि तो ऐकत होता. एक तुकडा संपल्यावर न राहवून तो खुर्चीतून पुढे झाला आणि दुकानातल्या आवाजात म्हणाला, "दादा! मुलीला नोकरी लागली! आणि माझ्या छातीचा फोटो पुन्हा काढायला सांगितला होता!"

दादाची बोटं तारांवरच थांबली. "फोटो? कसला फोटो? काय निघालं त्यात?"

"काही नाही निघालं! सगळं ठीक आहे! तुला सांगितलं होतं मी तेव्हा!"

तेव्हा आपण काय म्हणालो असू, हे दादाला विचारावं लागलं नाही. त्याने वाकून अ‍ॅम्पचं एकुलतं एक बटण पार खाली आणलं, गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्ची भावाच्या समोर ओढून घेतली.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "आणि ओरडू नकोस."